दुःख दाखवणे आणि अन्याय दाखवणे : गोव्याविषयीच्या कादंबऱ्या, आठवणी आणि चित्रपट

म्हादई (डिचोली)

अन्यायावरची एखादी कादंबरी वाचून झाली किंवा चित्रपट पाहून झाला की आपण एकमेकांना बहुधा एवढेच विचारतो, की मनाला भिडले का? डोळे भरून आले असतील तर कृती साधली, असे आपण धरून चालतो. गोव्याविषयी जे लिहिले आणि चित्रित केले गेले आहे त्याकडे पाहताना ही कसोटी मला फार अपुरी वाटत आली आहे, म्हणून हा धागा काढते आहे. माझे म्हणणे असे की दुःख दाखवायला सोसणारे एक माणूस पुरते. अन्याय दाखवायचा तर तो चालवणारी सारी यंत्रणा उभी करावी लागते. हुकूम कोणी काढला, तो गावात कोणी पोहोचवला, दार कोणी उघडून दिले, शेजारी गप्प का बसले आणि हे सारे करणारी माणसे संध्याकाळी घरी जाऊन नेहमीसारखी कशी जेवली, हे ज्या कृतीत दिसते ती कृती मला अधिक मोलाची वाटते, मग तिने डोळ्यांत पाणी आणले नाही तरी चालेल.

पहिले उदाहरण साडेतीनशे वर्षांपूर्वीचे घेते. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य दमणमध्ये राहत असताना इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, हाती सापडला. त्याला गोव्यात आणून कोठडीत टाकले गेले आणि जानेवारी १६७६मधील शिक्षेच्या जाहीर मिरवणुकीनंतर पाच वर्षांच्या सक्तमजुरीसाठी पोर्तुगालला धाडण्यात आले. सुटणाऱ्या प्रत्येक कैद्याकडून, आत पाहिलेले बाहेर सांगणार नाही, अशी शपथ घेतली जात असे. देलाँने ती मोडली, पण सुटकेनंतर सुमारे दहा वर्षांनी. त्याचे पुस्तक १६८७मध्ये छापले गेले. स्वतः पाहिलेले आणि नुसते ऐकलेले यांत हा माणूस कसोशीने फरक करतो. सकाळी आपल्या कोठडीपर्यंत पोहोचणाऱ्या किंकाळ्यांविषयी तो लिहितो आणि तिथेच थांबतो. छळाच्या खोलीचे वर्णन कल्पनेने रंगवत नाही. मिरवणुकीच्या दिवशी कैद्याचा झगा अंगावर चढवला गेला तेव्हा आपल्याला जाळणार की सोडणार हे त्याला ठाऊक नव्हते. कैद्यांना पाव आणि अंजिरे दिली गेली. त्याला खाण्याची वासना नव्हती, तेव्हा पहारेकऱ्याने सांगितले की खिशात ठेव, परत येईपर्यंत भूक लागेल. त्या बोलण्यावरून आपण जगणार आहोत हे त्याला कळले. निकाल कधीच लागलेला आहे, तो पहारेकऱ्यालाही ठाऊक आहे, फक्त ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्यालाच ठाऊक नाही. गुप्त न्यायदानाचे सगळे स्वरूप या एका प्रसंगात येते. छळाच्या दहा वर्णनांतून ते आले नसते.

दुसरे उदाहरण मुक्तिसंग्रामाचे. मोहन रानडे १९५५मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते आणि जानेवारी १९६९मध्ये सुटले. त्यांच्या आठवणींचे ‘सतीचे वाण’ हे पुस्तक आपल्याकडे अनेक घरांत असेल. शाळेतल्या इतिहासात १९६१ साली जो संघर्ष संपतो तो एका माणसासाठी आणखी सात वर्षे चालू राहतो, ही गोष्ट आठवणींच्या पुस्तकातूनच अंगावर येते. मात्र या प्रकारच्या लेखनाची एक मर्यादा मला वारंवार जाणवते. कैदी स्वतःला दिसले तेवढेच सांगू शकतो. त्या काळातल्या आठवणींत कासिमिरो मोंतेरो या अधिकाऱ्याच्या क्रौर्याचे उल्लेख येतात आणि वाचकाच्या मनात तो एक राक्षस म्हणून ठसतो. पण हाच मोंतेरो पुढे पोर्तुगालच्या राजकीय पोलिसांत होता आणि १९६५मध्ये हुकूमशहा सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तु देल्गादु यांच्या हत्येत त्याचा हात होता. म्हणजे गोव्यातील सत्याग्रही आणि लिस्बनचा बंडखोर सेनानी यांना एकाच राजवटीने, एकाच माणसाकरवी गाठले. ‘राक्षस’ म्हटले की ही राजवट दृष्टीआड होते.

जिथे साक्षीदारच उरलेला नाही तिथे कादंबरीचे काम सुरू होते. १५६०च्या सुमारास, पोर्तुगीजांनी देवळे पाडून धर्मांतर चालवले तेव्हा, कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. देवांच्या या प्रवासाची नोंद आहे, मंदिरांत ती आजही सांगितली जाते. जी कुटुंबे मागे राहिली, ज्यांनी नाव आणि धर्म बदलला आणि तीच शेते कसत राहिली, त्यांनी त्या रात्री घरात काय बोलणे केले याची नोंद कुठेच नाही. महाबळेश्वर सैल यांच्या ‘तांडव’ने या न लिहिलेल्या भागात पाऊल टाकले, म्हणून ती कादंबरी मला महत्त्वाची वाटते. सैल स्वतः सैन्यात होते. हिंसा म्हणजे सतत चाललेला आरडाओरडा नव्हे, तिच्यात दीर्घ, कंटाळवाणी वाट पाहणेही असते, हे त्यांना आतून माहीत असावे असे त्यांचे लेखन वाचताना वाटते.

आपल्याला कोणती कृती अन्यायाची घडण दाखवणारी वाटली आणि कोणती निव्वळ दुःखाशी थांबली, ते सविस्तर लिहावे ही विनंती.

दक्षिणायन (मडगाव)

म्हादईताई, धागा आवडला, पण तुमच्या कसोटीशी मी सहमत नाही आणि त्याची कारणे नीट मांडावी असे वाटते.

सोसणाऱ्या माणसाने आपले सोसणे सांगावे आणि वर त्या सोसण्यामागची यंत्रणाही उलगडून दाखवावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. आउश्विट्झच्या नाझी छळछावणीतून परतलेले प्रिमो लेव्ही यांचे तिथल्या अनुभवांचे पहिले पुस्तक एका मोठ्या इटालियन प्रकाशनसंस्थेने नाकारले, १९४७मध्ये एका लहान प्रकाशकाने काढले, आणि त्या मोठ्या संस्थेने ते स्वीकारायला १९५८ उजाडले. ऐकणाऱ्यांचीच तयारी नव्हती. पुढे याच लेव्हींनी लिहिले की आम्ही परत आलेले लोक खरे साक्षीदार नव्हेत. जे तळापर्यंत गेले ते परत आले नाहीत. इतक्या प्रामाणिक माणसालाही आपली साक्ष अपुरी वाटत होती. अशा साक्षीपुढे वाचकाने कसोटी घेऊन बसू नये. आधी ऐकावे.

गोव्यातले माझे उदाहरण राजाराम रंगाजी पैंगीणकर यांच्या ‘मी कोण?’ या आत्मचरित्राचे आहे. १९६९मध्ये ते प्रसिद्ध झाले. भाविणीच्या पोटी जन्माला आलेल्या माणसाने, देवळाच्या सेवेला बांधलेल्या आपल्या समाजाविषयी स्वतःच्या नावाने लिहिणे ही त्या काळी केवढी गोष्ट होती, याची कल्पना करून पाहावी. त्याआधी १९५०मध्ये बा. भ. बोरकरांची ‘भावीण’ ही कादंबरी आली होती. बोरकरांविषयी मला अपार आदर आहे. त्यांची कविता पाठ म्हणत आम्ही वाढलो. तरीही भाविणीवर लिहिलेली कादंबरी आणि भाविणीच्या मुलाने विचारलेला ‘मी कोण?’ हा प्रश्न, या दोन वेगळ्या जागांवरून आलेल्या गोष्टी आहेत. कवीच्या हाती एकदा विषय लागला की तो सुंदर होतो. ज्याला बापाचे नाव विचारले जाते त्याला त्या सौंदर्याचा उपयोग नसतो.

मराठीत १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, मग लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. त्या वेळी अनेक समीक्षकांनी यात कलात्मकता किती, रचना किती, असे प्रश्न विचारले. तुमचा प्रश्न त्यांच्यासारखा नाही हे मला कळते, पण परिणाम तोच होण्याची भीती वाटते : सांगणाऱ्याने वाचकाच्या अटी पुऱ्या केल्यावरच त्याचे सांगणे मोजले जाईल.

पांथस्थ (पणजी)

चित्रपटांकडे येऊ या का? ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ १९६९चा. अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट म्हणूनच आता तो लोकांना आठवतो. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतले तरुण आणि मारिया ही गोमंतकीय स्त्री मिळून गोव्यात तिरंगा फडकवतात, अशी ती कथा आहे. हेतू निर्मळ आहे, राष्ट्रीय एकात्मतेचा विचारही मनापासून मांडलेला आहे. पण गोव्याची माणसे त्या चित्रपटात जवळजवळ पार्श्वभूमीलाच राहतात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक जण मारले गेले. त्यांत बाहेरून आलेले बरेच होते, पत्रादेवीचे स्मारक त्याची साक्ष आहे. त्यांच्या बलिदानापुढे मी नतमस्तक आहे. प्रश्न एवढाच की सत्याग्रही परतल्यावर किंवा तुरुंगात गेल्यावर, ज्या घराने त्यांना रात्री भाकरी दिली त्या घराचे काय झाले, हे सांगणारा चित्रपट अजून मला भेटलेला नाही.

काणकोणचा वाचक

दक्षिणायन यांनी साक्षीविषयी जे लिहिले त्याला एक पदर जोडतो. साक्षीदार आणि वाचक यांच्यामध्ये बहुधा तिसरा कोणी तरी उभा असतो आणि त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ सर्वांना माहीत आहे. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक, बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाला आणि १८५७च्या वणव्यात सापडला. झांशीला वेढा पडला तेव्हा तो शहराच्या आत होता. त्याला कोणाची बाजू घ्यायची नव्हती, जीव आणि जमलेली दक्षिणा वाचवून घरी जायचे होते. म्हणूनच झांशीच्या कत्तलीविषयी तो जे सांगतो त्यावर माझा विश्वास बसतो. पण १९०७मध्ये चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक प्रसिद्ध केले ते मूळ जसेच्या तसे नव्हते. भाषा सावरली गेली, मजकुरात फेरफार झाले. इंग्रजी राज्य होते, १८५७विषयी छापायचे म्हणजे जोखीम होती, हे सगळे मान्य. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केली ती १९६६मध्ये. जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक ज्याला गोडसे भटजींचा आवाज समजत होता तो अर्धा वैद्यांचा होता. तरी ते पुस्तक वाचून लोक भारावलेच.

म्हणून मला दोघांचेही थोडे थोडे पटते. सांगणाऱ्यापुढे कसोटी लावू नये, पण त्याचे सांगणे आपल्यापर्यंत कोणत्या हातांतून आले हे विचारायला हवे, कारण तोही अन्यायाच्या यंत्रणेचाच एक भाग असू शकतो. कुंकळ्ळीचे उदाहरण पाहा. १५८३मध्ये तिथे जेझुइट या कॅथलिक संघाचे पाच धर्मप्रचारक मारले गेले, त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. पाद्र्यांच्या मरणाची तपशीलवार वर्णने लगेच लिहिली गेली, युरोपात वाचली गेली. गावकऱ्यांची बाजू चारशे वर्षे तोंडी राहिली. आज एखाद्याने त्यावर कादंबरी लिहायची म्हटले तर त्याच्या टेबलावर एकाच बाजूचे कागद असतील. निष्ठेने कागदांबरहुकूम लिहिणारा लेखक नकळत त्या बाजूचा होईल.

वाळकिणी

मी इथे सहसा लिहीत नाही. माझे आजोळ कुर्डीचे आहे म्हणून लिहिते.

साळावली धरणात कुर्डी गाव बुडाले. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की गावाची जमीन वर येते; जुने रहिवासी, त्यांची मुले-नातवंडे तिथे जमतात, सोमेश्वराच्या देवळाजवळ उत्सव होतो. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव, त्यामुळे संगीताचे लोकही येतात. गेल्या काही वर्षांत छायाचित्रकार आणि व्हिडिओ करणारे फार येऊ लागले आहेत. भेगा पडलेली जमीन, घराचे जोते, वाळलेले बुंधे, आणि मागे संथ संगीत. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते, खाली कळवळून प्रतिक्रिया येतात. म्हादईताईंनी जे लिहिले आहे ते मला या व्हिडिओंमध्ये स्पष्ट दिसते. त्यांत गाव निसर्गाने गिळल्यासारखे वाटते. गाव उठवायचा निर्णय झाला, मोजणी झाली, नुकसानभरपाईचे आकडे ठरले, कोणाला कोणती जमीन द्यायची हे कोणी तरी ठरवले, हे त्यांत कुठेच नसते. ज्याची स्वतःची जमीन होती आणि जो दुसऱ्याच्या जमिनीत राबत होता, त्या दोघांचे बुडणे सारखे नव्हते. आजी सांगे, की माझ्या आजोबांचे नाव एका यादीत होते आणि दुसरीत नव्हते, आणि ते नाव घालून घेण्यासाठी ते कचेरीच्या फेऱ्या मारत राहिले. या फेऱ्यांचे चित्र कोण काढणार? त्यात दिसायला काहीच नाही. एक बाक, एक खिडकी आणि वाट पाहणारा म्हातारा.

सौम्यानंद साही यांचा २०१६चा ‘रिमेंबरिंग कुर्डी’ हा माहितीपट मला यासाठी वेगळा वाटला, की त्यात माणसांना बोलू दिले आहे आणि त्यांच्या बोलण्यातली विसंगती तशीच ठेवली आहे. कोणाला गाव सोन्याचे आठवते, तर कोणाला तिथली वेठही आठवते. आमच्या घरातही हे असेच आहे. आजीला जुन्या गावाची ओढ होती, पण पुन्हा तिथे राहायला जाशील का, असे विचारले तर ती उत्तर देत नसे.

आणखी एक. या धरणाचे पाणी दक्षिण गोव्यातल्या बहुतेक घरांत पोहोचते. मडगावच्या वाचकाने कुर्डीचा व्हिडिओ पाहून हळहळावे आणि मग नळ सोडावा, यात त्याचा दोष नाही. पण तो नळ चित्रात आला तर चित्र पुरे होईल.

दक्षिणायन (मडगाव)

वाळकिणीबाय, तुमचे शेवटचे वाक्य माझ्यासाठीच आहे असे समजून वाचले. तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले.

म्हादई (डिचोली)

वाळकिणी यांनी कचेरीच्या बाकाविषयी जे लिहिले, त्यावरून चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४चा ‘कोर्ट’ आठवला. एका लोकशाहिरावर खटला चालतो, कारण त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप आहे. शाहिराचे हाल त्या चित्रपटात फारसे दाखवलेले नाहीत. उलट सरकारी वकील बाई खटला आटोपून लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबाबरोबर नाटक पाहायला जातात. न्यायाधीश सुटीत सहलीला जातात. ही माणसे दुष्ट नाहीत. पुढची तारीख देणे हे त्यांचे रोजचे काम आहे, आणि त्या तारखांमध्ये एका म्हाताऱ्या माणसाचे आयुष्य संपत जाते. कॅमेरा लांब उभा राहतो आणि घाई करत नाही. वाट पाहणे पडद्यावर दाखवता येते, याचा हा चित्रपट पुरावा आहे.

आता दक्षिणायन यांच्या आक्षेपाकडे. सोसणाऱ्याला कसोटी लावू नये हे मला मान्य आहे, आणि माझी कसोटी सोसणाऱ्यासाठी नव्हतीच. ती वाचकासाठी आणि त्याहून अधिक बाहेरून येऊन लिहिणाऱ्या, चित्रित करणाऱ्या कलावंतासाठी आहे. पण एक गोष्ट पुढे ठेवते. ज्या आत्मकथनांची नावे तुम्ही घेतलीत त्यांत यंत्रणा भरभरून आलेली आहे. बेबी कांबळे यांच्या पुस्तकात घरातल्या सुनेवर होणारा जाच, आपल्याच माणसांनी केलेला, किती निर्भयपणे येतो! बाहेरची जात आणि घरातली सासू या दोन्ही सत्ता त्यांनी एकाच पुस्तकात ठेवल्या. सोसणाऱ्या माणसाला यंत्रणा कळत नाही असे आपण बाहेरचे लोक समजतो. प्रत्यक्षात तिचे सगळे कोपरे त्यालाच पाठ असतात, कारण त्यांतूनच त्याला रोज वाट काढायची असते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये शेवटी, डुक्कर पकडताना गावाच्या चेष्टेचा विषय झालेल्या जब्या या दलित मुलाने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. तोवर अंधारात बसून हळहळणारा प्रेक्षक त्या क्षणी खेळ पाहणाऱ्या गावकऱ्यांत जाऊन बसतो. वाळकिणी यांना हवा असलेला नळ तो हाच, असे मला वाटते.

उलट बाजूचेही एक उदाहरण द्यायला हवे. जिल्लो पोंतेकोर्वो यांचा १९६६चा ‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ फ्रेंच सैन्याने केलेला छळ दाखवतो आणि स्वातंत्र्यसैनिक स्त्रियांनी उपाहारगृहात ठेवलेले बॉम्बही दाखवतो. स्फोटाआधी कॅमेरा तिथे बसलेल्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो, त्यांत एक आइसक्रीम खाणारे लहान मूलही आहे. हा चित्रपट अल्जीरियाच्या बाजूने उभा आहे, त्याविषयी शंका राहत नाही, तरीही त्याने आपल्या बाजूच्या हातून झालेले मरण झाकले नाही. आपल्या मुक्तिसंग्रामावर इतक्या निर्भयपणे कोणी चित्रपट काढला, तर आपण तो स्वीकारू का, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

खाणपट्टा (साखळी)

खाणीच्या गावातला आहे, म्हणून पुंडलिक नायक यांच्या ‘अच्छेव’विषयी लिहितो. ही कोकणी कादंबरी १९७७मध्ये आली. भाताची शेती करणाऱ्या गावात खाण येते आणि आधी शेत, मग घर, मग घरातली माणसे एकमेकांपासून सुटत जातात. आज वाचताना आश्चर्य याचे वाटते, की न्यायालयातले खटले, २०१२मधली बंदी हे सगळे व्हायच्या कितीतरी आधी लेखकाला ही वाट दिसली होती.

पण मला त्या कादंबरीतली जी गोष्ट सर्वांत खरी वाटते ती वेगळी आहे. खाण गावावर फक्त लादली जात नाही. गावातली माणसे तिच्याकडे चालत जातात, कारण रोख पैसा मिळतो आणि भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) उंबऱ्यावर उभे राहावे लागत नाही. आमच्या घरात हेच झाले. वडिलांनी कर्ज काढून ट्रक घेतला. त्या ट्रकवर आम्ही भावंडे शिकलो. त्याच ट्रकची लाल धूळ आमच्या विहिरीत आणि शेतात बसली. २०१२मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला आणि हप्ते थांबले नाहीत. आम्हांला अन्याय सोसणारे म्हणायचे की करणारे? बाहेरून येऊन लिहिणारे लोक दोनच खणांत माणसे ठेवतात : एकीकडे लोभी खाणमालक, दुसरीकडे निरागस गावकरी. नायकांनी तसे केले नाही, कारण ते ज्या माणसांविषयी लिहीत होते ती त्यांना माहीत होती. तगून राहणे म्हणजे पुष्कळदा ज्या गोष्टीने नुकसान होते तिच्याच आधाराने जगणे. खाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही, पण पुस्तकांत ते फार क्वचित येते.

पांथस्थ (पणजी)

याच मुद्द्यावर दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ नव्याने वाचावी असे सुचवतो. १९८१ची कोकणी कादंबरी, १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार. पोटच्या मुलीला मागे ठेवून कुवेतला घरकामासाठी गेलेली बाई, तिथे तिच्या वाट्याला आलेले शोषण, आणि तिने पाठवलेल्या पैशांवर इथे उभे राहणारे आयुष्य. पैसा घेणारे घर त्या पैशाविषयी प्रश्न विचारत नाही. साष्टी-बार्देशातल्या किती घरांची ही कथा आहे! आखातात आणि बोटीवर गेलेल्या पुरुषांवर गाणी आहेत, तियात्रे (कोकणी नाटके) आहेत. घरकामाला गेलेल्या बायकांनी स्वतः लिहिलेले मात्र माझ्या वाचनात आलेले नाही.

तुकाराम शेट यांची ‘पाखलो’ही या यादीत हवी. पोर्तुगीज सैनिक बाप आणि गोमंतकीय आई यांच्या मुलाची ती गोष्ट आहे. राजवट गेली, सैनिक गेले, आणि हा मुलगा आपल्या कातडीचा रंग घेऊन गावातच राहिला. मुक्तीच्या कथेत त्याला कुठे बसवावे हे कोणालाच कळत नाही, त्यालाही नाही.

काणकोणचा वाचक

पांथस्थ यांनी बायकांच्या लेखनाविषयी लिहिले त्यावरून सुचवतो. गोव्यातल्या कित्येक घरांत वह्या आहेत. कुळकायद्याच्या वेळी मामलेदार कचेरीतल्या तारखा लिहून ठेवलेल्या, आखातातून आलेल्या पत्रांचे गठ्ठे, तुरुंगातून सुटल्यावर कोणी तरी पेन्सिलीने लिहिलेली पाने. घरातली शिकलेली मुले आता ही पाने छापायला काढतात, आणि काढताना भाषा ‘सुधारतात’, कोकणी-मराठी मिसळलेली वाक्ये शुद्ध करतात, नातेवाइकांना लागेल असा मजकूर गाळतात. गोडसे भटजींच्या पुस्तकाचे जे झाले तेच आपण आपल्या आजोबांच्या वहीचे करतो आहोत. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी आधी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे, मग अक्षर न् अक्षर जसेच्या तसे टंकावे, चुका आणि खाडाखोडीसह, आणि संपादित प्रत हवीच असेल तर ती त्यानंतर वेगळी करावी. गाळलेल्या ओळी कुठे गाळल्या तेही लिहून ठेवावे.

वाळकिणी

आजोबांचे अर्ज आणि त्यांवरच्या पोचपावत्या आईने ट्रंकेत ठेवल्या आहेत. वही नाही, नुसते अर्ज. तेही चालतील का?

म्हादई (डिचोली)

चालतील. प्रत्येक अर्जाची तारीख, तो कोणत्या कचेरीकडे केला होता आणि त्यावर कोणती सही-शिक्के आहेत, एवढे अर्जाच्या मजकुराबरोबर लिहून ठेवा. ज्या यादीत नाव होते आणि ज्यात नव्हते त्या दोन्ही याद्यांचा उल्लेख अर्जांत कुठे येतो का, तेही पाहा. आई सांगत असताना ऐकणारे कोणी तरी सोबत असू द्या, कारण कोणता अर्ज कोणाकडून लिहून घेतला आणि त्याचे किती पैसे द्यावे लागले, हे कागदावर नसणार.